'पान 11 पाहा' लिहिणं बंद करा



बिलिंग सॉफ्टवेअर कसं चालवायचं याची वही तुमच्या दुकानात असेलच. नसेल तर आधी बनवा. ज्यांनी बनवली त्यांच्यासाठी आज बोलतो, कारण माझ्याच वहीने मला मान खाली घालायला लावली.

अकोल्याच्या काउंटरवर नवीन मुलगा, मी अमरावतीला. एका ठेकेदाराने उधारीवर नेलेले सहा पंखे परत आणले. मुलाने वही उघडली. 'माल परत आला तर पान 11 पाहा.' पान 11 वर लिहिलेलं, 'क्रेडिट नोट, कंट्रोल एफ8.' त्याने दाबलं, पार्टी टाकली, पंखे टाकले, सेव्ह केलं. महिनाअखेरीस आम्ही त्याच ठेकेदाराला पैशासाठी फोन केला, परत दिलेल्या पंख्यांच्या! तो काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगा म्हणे, "भाऊ, वहीत लिवलं तसंच केलं न म्या." खरंच होतं.

चूक माझी. वही टॅली ईआरपी 9 च्या काळातली. त्यात क्रेडिट नोट कंट्रोल एफ8 वर होती. नोव्हेंबर 2020 मध्ये टॅलीप्राइम आलं, त्यात ती ऑल्ट एफ6 वर गेली आणि कंट्रोल एफ8 वर सेल्स ऑर्डर आली. सेल्स ऑर्डरने ना पार्टीचं खातं हलतं, ना स्टॉक. आम्ही सॉफ्टवेअर बदललं, पान 11 तसंच राहिलं.

राजेहो, संदर्भ तुटलेला असला तर परवडतं, मुलगा अडतो आणि फोन करतो. भलतीकडे नेणारा संदर्भ महाग पडतो, कारण काम झालं असंच वाटतं.

आता मी पान नंबर लिहीतच नाही. मधे एक पान घातलं की सगळे नंबर सरकतात. नाव लिहितो: 'क्रेडिट नोट कशी करायची ते पाहा, मूळ बिलाचा नंबर आणि तारीख जवळ ठेवा.' जीएसटीच्या नियम 53 प्रमाणे या दोन्ही गोष्टी क्रेडिट नोटवर लागतातच. टॅलीप्राइममध्येही ऑल्ट जी दाबून नावानेच शोधता येतं, शॉर्टकट पाठ करायची गरज नाही.

काही ट्रेनर सांगतात, प्रत्येक ओळीला लिंक द्या. मला नाही पटत. दोन ओळींत सांगता येत असेल तर तिथंच सांगा, गिऱ्हाईक समोर उभं असताना कोण पानं उलटत बसतं?

आणि उलटा संदर्भ ठेवा. जुने मुनीम रोजकीर्दीत नोंदीसमोर खतावणीचं पान लिहायचे आणि खतावणीत कीर्दीचं. आपण एकाच बाजूने लिहितो. म्हणून मी आता 'क्रेडिट नोट' पानाखाली लिहून ठेवलंय: 'हे पान बदललं तर माल परत, बिल दुरुस्ती, महिनाअखेर ही पानंही तपासा.'

हे लिहिताना माझ्या क्लासची नोट्स चाळली. एका पानावर अजून 'उद्योग आधार काढा' होतं. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे! आजच दुरुस्त केलं. जुनी प्रत तुमच्याकडे असेल तर ती ओळ खोडा.