लग्नाचे पावित्र्य आणि आमचे मौन



19 ऑक्टोबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी पीटर तो रोट यांना संत म्हणून घोषित केले. पापुआ न्यू गिनीचे हे पहिले संत. ते धर्मगुरू नव्हते, मठवासी नव्हते. राकुनाई गावचे साधे धर्मशिक्षक, पावलाचे पती, लेकरांचे बाप. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने मिशनरी धर्मगुरूंना कैद केले, तेव्हा गावची मंडळी त्यांनीच सांभाळली. पुढे सत्ताधाऱ्यांनी दोन बायका करण्याच्या जुन्या चालीला मोकळीक दिली. पीटर उघडपणे ‘नाही’ म्हणाले. त्याबद्दल तुरुंग झाला आणि जुलै 1945 मध्ये विषारी इंजेक्शन देऊन त्यांचा जीव घेतला गेला. वय अवघे 33.

आम्ही त्यांचा फोटो देवळाच्या फळ्यावर लावला, प्रार्थना केली आणि घरी गेलो. कुणीतरी म्हणालेही, “आपल्यात आता कोण दोन बायका करतो?” म्हणजे हा संत आपल्या कामाचा नाही!

आम्हाला हे मान्य नाही. लग्नाचे पावित्र्य मोडायला दुसरी बायकोच लागते असे थोडेच आहे?

विवाहपूर्व शिबिरात आम्ही मदतीला असतो. एकदा एका मुलीला विचारले, “हे लग्न तुझ्या मर्जीने ना?” तिने उत्तर देण्याआधी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “हॉल बुक झालाय.” आणि आम्ही, हो आम्हीच, पुढच्या प्रश्नाकडे वळलो. ते मौन आजही आम्हाला बोचते.

ख्रिस्तसभेचा कायदा स्पष्ट आहे. कलम 1057 सांगते की लग्न दोघांच्या संमतीने होते आणि दुसरी कोणतीही सत्ता त्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. कलम 1103 प्रमाणे जबरदस्तीने किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. कलम 1069 तर आपल्या प्रत्येकाला बांधते: लग्नाला अडथळा ठाऊक असेल तर तो लग्नाआधी धर्मगुरूंना सांगणे हे आपले कर्तव्य आहे. आपण मात्र सारे ठाऊक असून जेवणाच्या पंगतीत बसतो आणि दोन वर्षांनी म्हणतो, “आम्हाला तेव्हाच वाटले होते!”

दुसरा अपराध याहून मोठा. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला आपण सांगतो, “हा तुझा क्रूस आहे, सोस.” क्रूसाचे नाव घेऊन मारणाऱ्याला पाठीशी घालणे ही श्रद्धा नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात अशा मारहाणीला भेकडपणा म्हटले आहे आणि कधी कधी वेगळे राहणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते असेही सांगितले आहे. कलम 1153 जीवाला धोका असलेल्या जोडीदाराला वेगळे राहण्याची मुभा देते. वेगळे राहिल्याने विवाहबंधन तुटत नाही. त्या बंधनाचा अपमान मारणाऱ्याने आधीच केलेला असतो.

मग काय, लग्न आजन्म आहे हे सांगायचे सोडून द्यायचे? मुळीच नाही. मत्तयच्या 19 व्या अध्यायातील प्रभूचा शब्द आम्ही बदलू शकत नाही. म्हणून तर वेदीपाशी जाण्याआधीच बोलायला हवे. जे आयुष्यभर टिकायचे ते खोट्यावर आणि धाकावर उभारता येत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदला तोंडावर बोलला. आपल्याला तर फक्त आपल्या भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्याला बोलायचे आहे. त्यात शिर जात नाही. फार तर एक आमंत्रण कमी येते.

पुढच्या शिबिरात तोच प्रश्न विचारताना आम्ही आईला बाहेर बसायची विनंती करणार आहोत. राग आला तर येऊ दे.

हे संत पीटर तो रोट, आमच्या जिभेवरची भीती दूर व्हावी म्हणून आम्हासाठी विनंती कर. आमेन.