माया ठेवून शिवा!

भरतनाट्यमच्या पोशाखात पायजम्यावर पुढच्या बाजूला निऱ्यांचा जो अर्धा घागरा असतो, त्याला पंखा म्हणतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पंखा म्हटलं की बऱ्याच माणसांची नजर छताकडे जाते. नाचणारी मुलगी उभी असते तेव्हा हा पंखा मिटलेला असतो, आणि ती गुडघे बाहेर काढून अर्ध्यावर बसली की जरीच्या काठासकट फाकन् उघडतो. सगळं सभागृह 'वाः' म्हणतं. ती 'वाः' मुलीला असते की पंख्याला, हा वाद मी घालणार नाही. माझा वाद निराळा आहे.

माझं म्हणणं असं, की हा पंखा मुलीच्या स्वतःच्या पायजम्यावर घरी, हाताने, आत भरपूर माया ठेवून शिवावा. सेफ्टी पिनांनी लटकवू नये. आणि दरवर्षी नवा करकरीत रेशमी पोशाख शिवून घ्या असं पालकांना सांगणाऱ्यांनी आधी पालकांचं पासबुक पाहावं.

तुम्ही म्हणाल, तुम्ही बँकेतले कारकून, कॉमर्सचे पदवीधर, तुमचा या निऱ्यांशी संबंध काय? संबंध आहे. माझी मुलगी सात वर्षं क्लासला जाते आहे. या सात वर्षांत क्लासच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारच्या बाकावर बसून मी जे ऐकलं आणि पाहिलं आहे, तेवढ्यावर एखाद्याने पीएच.डी. पदरात पाडून घेतली असती. शिवाय घरी शिवणयंत्र आहे, ते चालवणारी बायको आहे, आणि सुईत दोरा ओवायचं खातं माझ्याकडे आहे.

आधी त्या शुद्धतावाद्यांचा समाचार घेऊ. ही मंडळी क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाला हमखास येतात. 'शिवलेला पोशाख म्हणजे तयार भाजणीची चकली हो! पूर्वी साडी नेसत, साडी!' असं म्हणून ती वेफर्स खातात. शिवलेल्या नऊवारीवरही यांचा असाच राग. आता पूर्वी साडी नेसत, हे खरंच आहे. बालासरस्वती साडी नेसूनच नाचत, आणि त्यांच्यापुढे आपण हात जोडून गप्प बसावं हेच बरं. पण आज जो शिवलेला पोशाख आपण 'परंपरा' म्हणून मिरवतो, तो रूढ करण्यात मोठा वाटा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा. अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला तो १९३५ च्या डिसेंबरात. पुढच्या वर्षी कलाक्षेत्र सुरू झालं. पोशाखाचा विचार करताना त्यांनी देवळातली शिल्पं नजरेपुढे ठेवली आणि शिवायला मदत घेतली ती एका इटालियन बाईंची! म्हणजे आपल्या सनातन पंख्याला पहिले टाके पडले त्यात परदेशी सुईचाही हात होता. आणि आमची रिझर्व्ह बँक स्थापन झाली १ एप्रिल १९३५ ला. तेव्हा ही परंपरा आणि आमची रिझर्व्ह बँक जवळजवळ एका वयाच्या. रिझर्व्ह बँकेला प्राचीन म्हणणारा माणूस अजून माझ्या काउंटरवर आलेला नाही.

बरं, हा नाच 'तिकडचा' म्हणून हात झटकायचीही सोय नाही. या नृत्याच्या कार्यक्रमाला आज जी चौकट आहे, ती बांधणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ तंजावरच्या दरबारात होते, आणि तो दरबार होता दुसऱ्या सरफोजी राजांचा. म्हणजे भोसल्यांचा! त्या राजांनी नाचासाठी मराठीत निरूपणं रचली, आणि मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. तेव्हा पंख्यावर चार शब्द बोलायचा मराठी माणसाचा हक्क शाबूत आहे.

शुद्धतावाद्यांपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती पिनवाल्यांची. हा पंथ शाळेच्या स्नेहसंमेलनात जन्मतो आणि भाड्याच्या पोशाखांच्या दुकानात वाढतो. भाड्याचा पायजमा कुठल्याही मुलीच्या मापाचा नसतो, त्यामुळे तो सगळ्या मुलींना चालतो, असं दुकानदार समजावतो. कमरेला चार पिना, पंख्याला सहा, खांद्याला दोन. मुलगी नाचायला निघाली आहे की रद्दीचा गठ्ठा बांधला आहे, कळत नाही. आमच्या बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ज्या नोंदीचं काय करायचं ते आत्ता कळत नाही, ती तिथे तात्पुरती टाकायची आणि लवकरात लवकर निकालात काढायची. सेफ्टी पिन म्हणजे पोशाखातलं सस्पेन्स खातं. तात्पुरती म्हणून लावतात आणि तशीच ठेवतात. घामाने ती गंजते, रेशमावर तांबडा डाग पडतो, आणि तो डाग कुठल्याही पावडरीने निघत नाही. हे झालं कापडाचं. ऐन तिल्लान्यात पिन उघडली तर पोराच्या कमरेचं काय होतं, ते पिनवाल्यांनी एकदा स्वतःला लावून बघावं.

पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. पंखा ही नुसती शोभा आहे असं समजणाऱ्यांनाच तो वाटेल तसा लावता येतो. या नाचाचा सगळा डोलारा ज्या बसण्यावर उभा आहे, त्याला अरमंडी म्हणतात. टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे दोन्ही बाजूंना, पाठ ताठ. पंख्याच्या दोन कडा पुष्कळदा पायजम्याच्या दोन पायांना आतल्या शिवणीत अडकवलेल्या असतात. गुडघे बाहेर गेले की त्या कडा ताणल्या जातात आणि निऱ्या उघडतात. आता शिंप्याने मुलीला उभी करून माप घेतलं आणि कापड वाचवलं, तर काय होईल? गुडघे जितके लांब जायला हवेत तितका पंखा उघडणारच नाही. मग एकतर शिवण फाटते, नाहीतर मुलगी खाली बसत नाही. शिवण फाटण्याची भीती मनात घेऊन कुठली मुलगी खाली बसेल? आणि समोरून ताई ओरडतात, 'बस खाली! अजून बस! आळशी झालीस!' अहो ताई, मुलगी आळशी नाही, कापड आखूड आहे! कुणाच्या तरी वीतभर कंजूसपणाचं खापर एका दहा वर्षांच्या पोरीच्या गुडघ्यांवर फुटतं, आणि ती ते खरं मानते. 'मला अरमंडी जमतच नाही,' असं रडवेल्या आवाजात सांगणाऱ्या मुली मी बाकावर बसून ऐकल्या आहेत.

म्हणून माप घ्यायचं ते मुलीला अरमंडीत बसवून. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत फीत धरायची, आणि पंखा पूर्ण उघडल्यावर त्या उंचीवर त्याहून चांगला रुंद भरला पाहिजे. एक इंचाची निरी घालायला तीन इंच कापड जातं, हे शिवणकामातलं साधं त्रैराशिक. म्हणजे मिटल्यावर वीस इंच दिसायला हवं असेल तर साठ इंच कापड मोजून घ्यायचं. इथे काटकसर करायची नाही. काटकसर कुठे करायची ते सांगतो.

पण त्याआधी ते परिपत्रक. आमच्या क्लासने (नाव सांगत नाही, मुलीला तिथेच जायचं आहे) गेल्या वर्षी दिवाळीनंतर पालकांना एक कागद दिला. यंदा सर्व विद्यार्थिनींनी नवे रेशमी पोशाख, अमुक रंगात, ठरलेल्या टेलरकडूनच शिवून घ्यावेत. आकडा वाचून माझ्या शेजारी बाकावर बसणारे एक गृहस्थ कागदाची घडी घालायला लागले. रिक्षा चालवतात. त्यांची मुलगी क्लासमधली सर्वांत नेटकी बसणारी. त्यांनी त्या कागदाची इतकी बारीक घडी घातली, की शेवटी तो बसच्या तिकिटाएवढा झाला. पुढच्या आठवड्यात मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईंनी विचारलं तर कुणीतरी म्हणालं, 'अभ्यास वाढला असेल.' चौथीत!

पालकसभेत मी उभा राहिलो. बँकेत रोज दीडशे माणसं माझ्याशी भांडतात, त्यामुळे मला भांडणाचा सराव आहे, फक्त काउंटरच्या या बाजूने नव्हता. मी म्हणालो, 'ताई, वाढत्या वयाच्या मुलीचा पोशाख म्हणजे शंभर टक्के घसारा. आज शिवला, पुढच्या वर्षी आखूड. हे भांडवल दरवर्षी कुणी घालायचं?' ताई म्हणाल्या, 'पण काका, स्टेजवर एकसारखं दिसायला हवं ना!' मी म्हणालो, 'रंग एकसारखा ठेवा. काठ एकसारखा ठेवा. पण पायजमा जुन्या साडीचा असू द्या आणि पंखा घरी शिवू द्या.' तेव्हा एक बाई हळूच म्हणाल्या, 'आम्हाला शिवता येतं हो, पण चालेल का ते माहीत नव्हतं.' आणि मग चारपाच जणींचे हात वर झाले. इतकी वर्षं त्या घरी ब्लाऊज, परकर, गोधड्या शिवत होत्या आणि इथे येऊन गप्प बसत होत्या. ताईंनी मान डोलावली. ताई वाईट नाहीत, त्यांना कुणी हिशोब सांगितला नव्हता इतकंच.

आता काटकसर. घरात आईची, आजीची एखादी साडी असते, पदर शाबूत आणि मधलं पोत विरलेलं. पदर आणि काठ पंख्याला घ्यायचे. पायजम्याचं आसन, म्हणजे जिथे घाम येतो आणि जिथे सर्वांत आधी फाटतं, तो भाग त्याच रंगाच्या सुती कापडाचा घालायचा. सुती कापड घाम टिपतं, आणि समोरून पंखा सगळं झाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही! निऱ्या आधी कच्च्या टाचून घ्यायच्या, वर सुती फडकं ठेवून इस्त्री फिरवायची, जरीवर थेट इस्त्री ठेवायची नाही. मग निऱ्यांना वर स्वतःची एक पट्टी लावायची आणि ती पट्टी पायजम्याच्या नेफ्याखाली हाताने, उलट्या टिपेने शिवायची. आमच्या घरात यावरून चर्चा झाली. 'अहो, मशीनवर दोन मिनिटांत होईल,' ही बायको. होईल; पण मशीनची टीप रेशमावरून उसवताना टाचेपर्यंत भोकं दिसतात. हातची टीप सोडवता येते. मग पायजमा धुवायला वेगळा निघतो, पंखा सावलीत वाळवून निऱ्यांच्या घडीवरच फडक्याने बांधून ठेवता येतो.

आणि माया! शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला माझ्या हातात असतं तर मी पगारवाढ दिली असती. आम्ही बँकेत त्याला मार्जिन म्हणतो आणि ते कर्जदाराकडून घेतो. इथे ते मुलीसाठी ठेवायचं असतं. पंख्याची माया खाली ठेवता येत नाही, कारण खाली काठ असतो आणि काठ दुमडला तर पोशाखाची शोभाच गेली. ती ठेवायची वर, पट्टीच्या आत, चांगली तीन इंच. पायजम्याचीही नेफ्यातच. मुलगी वाढली की वरून उसवायचं, इंचभर सोडायचं, पुन्हा टीप घालायची. एक पोशाख तीन वर्षं निघतो. त्यानंतर तो क्लासमधल्या धाकट्या मुलीला जातो, आणि तिथे वरून पुन्हा आत दुमडला जातो.

त्या रिक्षावाल्या गृहस्थांच्या बायकोने पंखा शिवला तो जांभळा, मोरपंखी काठाचा. लग्नातल्या शालूचा पदर होता. टाके इतके सारखे, की आमच्या घरी तो पंखा नमुना म्हणून दोन दिवस मुक्कामाला होता. मुलगी जानेवारीपासून पुन्हा पहिल्या रांगेत आहे.

यावर एक आक्षेप शिल्लक आहे, आणि तो टेलरने स्वतः मला ऐकवला. उसवून सोडलेल्या कापडावर जुन्या घडीची रेघ राहते आणि ती दिसते, असं त्याचं म्हणणं. ते खरं आहे. रेशमावरची रेघ सहजासहजी जात नाही. पण ती रेघ येते कमरेशी, आणि कमरेवर पट्टा बांधलेला असतो. त्याखालूनही डोकावलीच तर वर जरीची बोटभर पट्टी शिवावी. तरी दिसलीच तर ती पहिल्या रांगेतूनच दिसेल, आणि पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसलेले असतात. ते घड्याळ बघत असतात.