न दिसलेली होडी

आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने गेल्या हिवाळ्यात डिचोली तालुक्यातील मये तलावाचे एक छायाचित्र काढून आणले. पाणी दुधाच्या सायीसारखे संथ, त्यात डोंगराची पुसट सावली, आणि वर पिंजलेल्या कापसासारखे ढग! शिक्षकांच्या खोलीत ते सर्वांच्या हातून फिरले; परंतु या अंकात ते छापावे की नाही, याविषयी एकमत होईना. हा खरा तलावच नव्हे, ही यंत्राने केलेली फसवणूक आहे, असे काहींचे म्हणणे पडले. मुलाच्या आजीचा अभिप्राय तर त्याहूनही थोडक्यात होता : "हें आमचें तळें न्हय."

प्रकार असा. मावळतीच्या उजेडात जे चित्र एरवी सेकंदाच्या पंधराव्या भागात निघाले असते, ते काढताना मुलाने कॅमेरा तिपाईवर घट्ट बसविला आणि भिंगापुढे प्रकाश हजार पटींनी रोखणारी काळी काच लावली. त्यामुळे तेवढाच प्रकाश आत येण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागला. त्या अवधीत उठलेल्या आणि विरलेल्या साऱ्या लाटा एकमेकींवर साचत गेल्या व त्यांची साय झाली. पेडण्यात हरमलच्या खडकांवर फुटणारा समुद्रही अशा चित्रात धुके होऊन बसतो.

याला फसवणूक म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात अधांतरी गोठलेला पाण्याचा थेंब तरी कोणी डोळ्यांनी पाहिला आहे? त्या चित्राचे मात्र आपण कौतुक करतो.

आमची शंका निराळी आहे. "त्या वेळी तेथे कोणीच नव्हते काय?" असे मुलास सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, "होते की, सर! एक होडी गेली. काठाने एक बाई गवताचा भारा घेऊन गेली." चित्रात दोघांचाही मागमूस नाही. चालता माणूस एका जागी क्षणभरच असतो; तेवढ्यात त्याचा जो प्रकाश यंत्रात पोचतो, तो मागच्या झाडीच्या प्रकाशात बुडून जातो. हे काही आजचे नव्हे. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका गजबजलेल्या हमरस्त्याचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतले. त्यास काही मिनिटे लागली. गाड्याघोडे, पादचारी, सारे नाहीसे झाले. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणाऱ्याची अंधुक आकृती.

दागेरचा नाइलाज होता. आपण मात्र ती काच पैसे मोजून विकत घेतो! ज्याला पोटासाठी चालत राहणे भाग आहे तो पुसला जातो, आणि निवांत बसलेला तेवढा उमटतो, ही गोष्ट आम्हांस बोचते. त्यातून गाव मये. पोर्तुगालला गेलेल्या जमीनदाराची मालमत्ता म्हणून तेथील जमीन १९६१ च्या मुक्तीनंतर सरकारी ताब्यात राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणाऱ्यांना तिच्या हक्कासंबंधीच्या कायद्यासाठी २०१४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. अशा गावाचे निर्मनुष्य चित्र भिंतीवर लावताना मनाला थोडी टोचणी लागलीच पाहिजे.

चित्र सुंदर आहे. ते छापावे, असाच आमचा आग्रह होता. मात्र त्याखाली लागलेला वेळ लिहावा, असे आम्ही मुलास सुचविले. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच ओळ लिहून घेऊन आला : "मये तलाव. सुमारे ६६ सेकंद. या वेळात एक होडी व एक बाई गेली."

ती ओळ त्याने घरी आजीलाही वाचून दाखविली होती. तिने चित्र पुन्हा हाती घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "ती बायल कोण रे?"

त्याला सांगता आले नाही.