विश्लेषण : वैद्यकीय शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवण्याआधी इतकी तयारी कशासाठी?

वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना बढतीसाठी शोधनिबंध लागतात. तो छापून आणायचा तर नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीचे परवानगीपत्र, सर्व लेखकांच्या सह्या, हितसंबंधांचे जाहीर निवेदन अशी कागदपत्रांची मोठी यादी पुरी करावी लागते. अनेकांना हा निव्वळ कारकुनी त्रास वाटतो. मात्र या यादीतील जवळपास प्रत्येक अट पूर्वी कुठे ना कुठे झालेल्या चुकीतून किंवा फसवणुकीतून आलेली आहे. शिवाय छापून आलेल्या निष्कर्षावर विसंबून दुसरा डॉक्टर त्याच्या रुग्णाला औषध देत असतो. त्यामुळे ही तयारी नेमकी काय असते आणि ती का महत्त्वाची ठरते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

शोधनिबंधांची सक्ती कोठून आली?

तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेने २००९ मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातली. परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी दोन, तर प्राध्यापक होण्यासाठी चार शोधनिबंध असावेत असे म्हटले होते. नियतकालिक मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस किंवा डीओएजे यांसारख्या ठरावीक सूचींमध्ये असायला हवे. तसेच संबंधित अध्यापक पहिल्या तीन लेखकांपैकी एक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक असायला हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही अनेक वर्षे परीक्षेला बसण्याआधी एक शोधनिबंध छापलेला, स्वीकारला गेलेला किंवा निदान पाठवलेला असल्याचे दाखवावे लागत होते.

दुसरीकडे संशोधनाची परंपरा बहुतेक महाविद्यालयांत रुजलेलीच नव्हती. देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या २००५ ते २०१४ या दहा वर्षांतील कामाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ३३२ संस्थांमधून या काळात एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक शोधनिबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या. म्हणजे सक्ती आली, पण संशोधन कसे करायचे आणि कसे लिहायचे हे शिकवणारी व्यवस्था तिच्याबरोबर आली नाही. बायोमेडिकल संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम अध्यापकांना बंधनकारक झाला, तो नंतर.

नियम कोण ठरवते?

जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे भेटले. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी वेगळी, संदर्भ देण्याची पद्धत वेगळी. एकाने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर सारे पुन्हा टंकलिखित करावे लागे. हा त्रास वाचावा म्हणून त्यांनी समान नियम आखले आणि ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. मजकुरात क्रमांक टाकून शेवटी त्याच क्रमाने संदर्भ देण्याची ‘व्हँकुव्हर’ पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

या गटातून वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणजे ‘आयसीएमजेई’ उभी राहिली. आज तिच्या शिफारशी मांडणीपुरत्या मर्यादित नाहीत. लेखक कोणाला म्हणावे, पैसे कोणाकडून आले हे कसे सांगावे, रुग्णाची ओळख कशी जपावी, अशा बाबीही त्यात येतात. जगभरातील आणि भारतातीलही बहुतेक प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिके या शिफारशी मानतात.

लिहिण्याच्या आधीचे काम कोणते?

सर्वाधिक मसुदे अडतात ते इथेच. काही अटी अशा आहेत की अभ्यास संपल्यानंतर त्या पूर्ण करताच येत नाहीत.

पहिली अट नैतिकता समितीच्या परवानगीची. रुग्णांवरील अभ्यास सुरू होण्याआधी ही परवानगी घ्यावी लागते. मागील तारखेची परवानगी मिळत नाही आणि मागूही नये. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार या समित्यांचीही सरकारकडे नोंदणी असावी लागते.

दुसरी अट चाचणीच्या नोंदणीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संस्थेने जुलै २००७ मध्ये ‘सीटीआरआय’ ही नोंदवही सुरू केली. औषध महानियंत्रकांनी १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी ही नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण चाचणीत घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते.

यामागचे कारण सोपे आहे. समजा, एखाद्या औषधाने रक्तदाब कमी होतो का हे पाहायचे ठरले. रक्तदाब कमी झाला नाही, पण मोजलेल्या इतर दहा गोष्टींपैकी झोप तेवढी सुधारलेली दिसली. मग ‘झोपेवर गुणकारी’ असा निबंध लिहिण्याचा मोह होतो. दहा गोष्टी मोजल्या तर एखादी निव्वळ योगायोगानेही सुधारलेली दिसू शकते. काय मोजणार हे आधीच जाहीर केले असेल, तर ही पळवाट बंद होते.

तिसरी बाब रुग्णाच्या संमतीची. एखाद्याच रुग्णाच्या आजाराची हकिकत लिहायची असली तरी छायाचित्रात नुसती डोळ्यांवर काळी पट्टी लावून भागत नाही. रुग्ण ओळखू येण्याची शक्यता असेल, तर त्याची लेखी संमती लागते.

प्रत्यक्ष मसुद्यात काय असते?

प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा हा चार भागांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. प्रश्न काय होता, उत्तर कसे शोधले, काय सापडले आणि त्याचा अर्थ काय, असा हा क्रम. अनुभवी लेखक ‘पद्धत’ आणि ‘निष्कर्ष’ आधी लिहितात, प्रस्तावना नंतर आणि सारांश सर्वात शेवटी. वाचक मात्र अनेकदा फक्त सारांशच वाचतो. म्हणून त्यातला प्रत्येक आकडा आतल्या तक्त्याशी जुळायला हवा.

कोणत्या प्रकारच्या अभ्यासात काय सांगितलेच पाहिजे, याच्या तपासयाद्याही ठरलेल्या आहेत. औषध चाचण्यांसाठी ‘कन्सॉर्ट’, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’, पूर्वीच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यासाठी ‘प्रिझ्मा’, रुग्णवृत्तांतासाठी ‘केअर’. यातील कन्सॉर्टची २०२५ ची सुधारित यादी ३० मुद्द्यांची आहे. किती रुग्ण घेतले, किती मध्येच सोडून गेले, गट कसे पाडले, दुष्परिणाम कोणते झाले, हे सारे त्यात येते. अभ्यासाच्या मर्यादा लेखकाने स्वतःच सांगणे अपेक्षित असते.

यासाठी मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम हे याचे उत्तम उदाहरण. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत रुग्ण होते अवघे ७०. प्रश्न एकच होता. केवळ प्राझोसिन द्यावे की त्यासोबत विंचवाची प्रतिलसही द्यावी? दहा तासांनंतर दोन्ही उपचार मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे पूर्ण गेली होती, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी आठ जणांची. प्रश्न आपल्या रुग्णांतून आलेला आणि नेमका असेल, तर तालुक्याच्या गावातील अभ्यासही जगाला उपयोगी पडतो.

लेखक नेमके कोण?

मसुदा पाठवताना सर्वात नाजूक प्रश्न हाच असतो. ‘आयसीएमजेई’च्या चार अटी आहेत. अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मूलभूत सुधारणा करण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. या चारही पूर्ण करणारा तोच लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून, निधी मिळवून दिला म्हणून किंवा रुग्ण त्यांच्या वॉर्डात होता म्हणून नाव घालणे या नियमात बसत नाही. अशांचे आभार मानावेत, असे शिफारशी सांगतात.

व्यवहारात मात्र बढतीसाठी पहिल्या तिघांतच नाव लागत असल्याने क्रमावरून ओढाताण होते आणि रात्रंदिवस माहिती गोळा करणारा निवासी डॉक्टर मागे ढकलला जातो. काम सुरू होतानाच लेखक आणि त्यांचा क्रम लेखी ठरवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही २०२३ मध्ये भूमिका स्पष्ट झाली. चॅटजीपीटीसारखे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. ते वापरले असेल तर कशासाठी, हे सांगावे लागते. त्याने दिलेले संदर्भ अस्तित्वात आहेत की नाहीत हे तपासण्याची जबाबदारीही माणसाचीच.

जबाबदारी नावापुरती राहिली तर काय होते?

करोनाकाळातील एक प्रकरण पुरेसे बोलके आहे. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतील ९६ हजार ३२ रुग्णांच्या नोंदींवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या करोना रुग्णांत मृत्यू अधिक दिसतात, असे त्यात म्हटले होते. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा भाग थांबवला. भारतात तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हेच औषध देण्याची ‘आयसीएमआर’ची शिफारस लागू होती. त्यामुळे इथेही संभ्रम निर्माण झाला.

मग आकड्यांवर प्रश्न उठले. निबंधात ऑस्ट्रेलियातील जितके मृत्यू दाखवले होते, तितके त्या तारखेपर्यंत त्या संपूर्ण देशात झालेलेच नव्हते. माहिती पुरवणाऱ्या ‘सर्जिस्फिअर’ कंपनीने मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी देण्यास नकार दिला आणि ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. हे औषध करोनावर उपयोगी नाही हे पुढे इतर मोठ्या चाचण्यांतून दिसले, पण तो मुद्दा वेगळा. ज्यांची नावे लेखक म्हणून होती, त्यांच्यापैकी तिघांनी मूळ नोंदी स्वतः पडताळल्याच नव्हत्या. त्यानंतर ‘लॅन्सेट’ने नियम बदलला. आता एकाहून अधिक लेखकांनी मूळ माहिती पाहून पडताळली असल्याचे लिहून द्यावे लागते.

घाईत असलेल्यांसाठी कोणता सापळा?

‘आदरणीय डॉक्टर, आपले मौलिक संशोधन आमच्याकडे पाठवा, आठवडाभरात प्रसिद्ध करू’ अशा धर्तीच्या ई-मेल अनेक डॉक्टरांना येत असतात. पैसे घेऊन, न तपासता छापणाऱ्या अशा नियतकालिकांना ‘प्रीडेटरी’ म्हणजे भक्षक म्हटले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१० मध्ये अशा ठिकाणी ५३ हजार लेख छापले गेले आणि २०१४ मध्ये चार लाख २० हजार. त्यातील सुमारे एकतृतीयांश लेखक भारतातील होते.

शुल्क आकारले म्हणून प्रत्येक नियतकालिक बनावट ठरत नाही. अनेक नामवंत मुक्त नियतकालिकेही शुल्क घेतात. फरक असा की त्यांचे शुल्क आधीच जाहीर असते आणि लेख नाकारलाही जातो. त्यामुळे नियतकालिक सूचीत असल्याचा दावा त्याच्या स्वतःच्या पानावर न पाहता मेडलाइन किंवा डीओएजेच्या यादीत जाऊन तपासावा. संपादक मंडळातील नावे खरी आहेत का आणि मागील अंकांतील लेख वाचण्याजोगे आहेत का, हेही पाहावे.

पाठवल्यानंतर काय?

मसुदा एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा असतो. आधी संपादकीय चाळणी होते. विषय बसत नसेल, कागदपत्रे अपुरी असतील किंवा मजकूर इतरत्र छापलेल्याशी जुळत असेल, तर तो तिथूनच परत येतो. पुढे गेल्यास विषयातील तज्ज्ञ तो तपासतात. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देऊन सुधारित मसुदा पाठवावा लागतो. नकार येणे ही नेहमीची गोष्ट आहे. चांगल्या समीक्षकाच्या सूचना वापरून सुधारलेला लेख पुढच्या ठिकाणी स्वीकारला जाऊ शकतो.

बदल कशात हवा?

उच्च शिक्षणसंस्थांच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापले जाऊ लागले आहेत. यामुळे संस्थांचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले जाईल. पण शिक्षा प्रकाशनानंतर होते आणि चूक त्याच्या कितीतरी आधी, अभ्यास आखतानाच घडलेली असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय ठरतानाच संख्याशास्त्रज्ञ सोबत असला, नोंदणी झाली आणि लेखकांची नावे ठरली, तर मसुद्याची निम्मी तयारी तिथेच होते. हे शिकवायला वेळ आणि माणसे देणे महाविद्यालयांच्या हातात आहे. बढतीसाठी निबंध किती, यासोबत ते कसे झाले हे विचारणे आयोगाच्या हातात आहे. या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत, तर निबंधांची संख्या वाढेल, पण त्यांवर विसंबून उपचार करणाऱ्या डॉक्टरला आणि त्याच्या रुग्णाला त्याचा उपयोग होणार नाही.