माशीचे पंख आणि बाळाची बोटे

अमरावती-अकोल्याकडच्या शेतकरी घरांत दोन नावे नेहमी कानावर पडतात. एक कपाशीवरची पांढरी माशी आणि दुसरी संत्र्यावर कोळशी आणणारी काळी माशी. नावात माशी असली तरी या दोन्ही खऱ्या माश्या नव्हेत. भिंगातून पाहिले तर त्यांना चार पंख दिसतात. मधमाशीला आणि फुलपाखरालाही चारच. घरातली माशी, डास आणि फळमाशी यांना मात्र दोनच पंख असतात.

माश्यांच्या पूर्वजांना चार पंख होते. मग मागचे दोन गेले कुठे? ते गेले नाहीत, त्यांचे रूप बदलले. माशीच्या पंखांमागे टाचणीसारखे दोन बारीक अवयव असतात. उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात.

हा बदल कसा झाला? दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. उर्दू माध्यमाची मुले उत्क्रांतीला ‘इर्तिका’ म्हणतात. पण पाठांतराच्या घाईत या धड्यातली खरी गंमत राहून जाते. जीव घडत असताना शरीराच्या कोणत्या भागाने काय व्हायचे, हे ठरवणारी काही जनुके असतात. त्यांना हॉक्स जनुके म्हणतात. अल्ट्राबायथोरॅक्स हे त्यांपैकीच एक. अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड लुईस यांनी या जनुकात बदल झालेल्या फळमाश्यांचा संकर केला, तेव्हा चक्क चार पंखांची फळमाशी जन्मली. या संशोधनासाठी त्यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग मधमाशीत हे जनुक नसते का? पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतील एल. एस. शशिधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. हे जनुक मधमाशीत आणि रेशमाच्या पतंगातही आहे, आणि जिथे मागचे पंख येतात त्याच भागात ते काम करते. मधमाशीचे हे जनुक फळमाशीत घातले, तर तिथे मात्र ते पंखांची वाढ रोखते. म्हणजे मुकादम तोच राहिला, पण त्याच्या हाताखालच्या मजुरांपैकी कोणी कोणता हुकूम कसा पाळायचा, हे बदलले. शरीराची नवी ठेवण येण्यासाठी दरवेळी नवे जनुक लागत नाही. जुन्याच जनुकांचे आपसातले नाते बदलले तरी पुरते.

हे सारे माश्यांपुरते असते, तर इथेच थांबलो असतो. पण याच कुळातली ३९ जनुके माणसात आहेत. कीटक आणि माणूस यांचे समान पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुने, तरी ही जनुके दोघांत टिकून आहेत. आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मग बोटांमधला भाग विरत जातो आणि दुसरा महिना सरता सरता बोटे सुटी होतात. हे काम अर्धवट राहिले, तर बोटे जुळलेली राहतात. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या अशी जुळलेली व जादा बोटे दिसतात. त्यामागे हॉक्स-डी-१३ या जनुकातला बदल असतो, हे १९९६ साली कळले. अर्थात प्रत्येक जुळलेल्या बोटाचे कारण हेच नसते. कित्येकदा घराण्यात दुसऱ्या कोणालाच तसे नसते.

असे बाळ जन्मले की आपल्या घरांत काय होते? पाहायला आलेल्या बायका आईलाच विचारतात, “गहन में छुरी को हाथ लगाया था क्या?” ओली बाळंतीण आधीच घाबरलेली असते. त्या दिवसापासून ती स्वतःला गुन्हेगार समजू लागते. जरा हिशेब करा. बोटे सुटी होतात दुसऱ्या महिन्यात, जेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा आणि हातातल्या सुरीचा त्याच्याशी काय संबंध?

आपल्याला तर हे फार पूर्वीच सांगितले गेले आहे. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले. स्वतःच्या दुःखाच्या दिवशीही त्यांनी हा गैरसमज पसरू दिला नाही.

जुळलेली बोटे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने सुटी करता येतात. त्यासाठी बाळाला वेळेवर डॉक्टरांकडे नेणे गरजेचे असते. अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी पथक तपासणीला येते, तेव्हाही मुलाचा हात बाहीत लपवू नका. घरात आणखी कोणाला तसे असेल, तर तेही सांगा. त्यात शरम कसली?

आणि पुढच्या वेळी अशा बाळाला पाहायला जाल, तेव्हा त्याच्या आईला ग्रहणाबद्दल विचारू नका. डॉक्टरांना दाखवले का आणि सोबत कोणी यायला हवे का, एवढेच विचारा.