गावाचे एक पान मराठीत लिहू या

नेपानगरची कागद गिरणी हे आपल्या जिल्ह्याचे भूषण. १९५६ साली पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. वृत्तपत्राचा कागद देशात प्रथम येथे तयार होऊ लागला आणि पुढे कित्येक वर्षे ठिकठिकाणच्या छापखान्यांना तो येथूनच गेला. देशाला कागद पुरविणाऱ्या या जिल्ह्यातल्या मराठी गावांनी स्वतःविषयी, स्वतःच्या भाषेत किती पाने लिहिली? हा प्रश्न कुणी विचारला तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत आपल्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बऱ्हाणपूर निमाडाबरोबर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. घरातली भाषा होती तीच राहिली, कचेरीतली मराठी मात्र गेली. पुढे १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, पण त्याने या स्थितीत फरक पडला नाही. यात कुणावर राग धरण्याचे कारण नाही. हिंदीने आपल्याला शिक्षण दिले, रोजगार दिला, तीही आता आपलीच आहे. परंतु परिणाम काय झाला ते पाहावे लागेल. आजी मराठीत हाक मारते, नातू मराठीत ओ देतो, आणि हातात पेन घेतले की हिंदीत लिहितो. मराठी ही बोलायची भाषा, लिहायची नाही, असे त्याच्या मनाने नकळत ठरवून टाकले आहे.

साधे उदाहरण घ्या. हिंदी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलाला ‘बाबांनी केळी लावली’ एवढे वाक्य लिहायला सांगा. बहुधा तो ‘केली’ लिहील, कारण शाळेत ‘ळ’ हे अक्षर त्याने कधी गिरविलेलेच नसते. ज्या पिकावर घर चालते, ज्याच्यासाठी आपला जिल्हा ओळखला जातो, त्या पिकाचे नावसुद्धा त्याला आपल्या भाषेत धड लिहिता येत नाही. ‘बाळ’चे ‘बाल’ होते, ‘काळ’चा ‘काल’ होतो. एका अक्षराबरोबर अशा किती गोष्टी जात असतील?

यावर आपण आजवर काय केले? निवेदने दिली, ठराव केले, दर २७ फेब्रुवारीला भाषणे केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आनंद व्यक्त केला. ते सर्व योग्यच आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या ३५०-अ या कलमात लिहिले आहे, आणि ती मागणी आपण सोडू नये. परंतु मागणी करणाऱ्याजवळही काही असावे लागते. “तुमच्या गावात मराठी वाचतो कोण?” असे एखाद्या अधिकाऱ्याने विचारले तर त्याच्यापुढे ठेवायला आपल्याजवळ काय आहे? भाषणाने टाळ्या मिळतात, वाचक मिळत नाही. वाचक तयार होतो तो नेमाने समोर येणाऱ्या लिखाणाने.

आणि असे लिखाण सुरू करायला छापखाना, भांडवल किंवा मोठे शहर लागत नाही, हे आपल्याच खानदेशाने दाखवून दिले आहे.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ते मूळचे कोकणातल्या पालगडचे. खानदेशात आले तेव्हा त्यांना येथे कुणी लेखक म्हणून ओळखत नव्हते. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. हे दैनिक म्हणजे हाताने लिहिलेली पाने. गुरुजी रात्री जागून ती लिहीत आणि सकाळी मुलांना ती वाचायला मिळत. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत आणि छात्रालयातल्या रोजच्या गोष्टीही असत. वाचक किती? छात्रालयात राहणारी मुले, बस्स. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९३८ साली अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, ते पुढे बंद पडले. म्हणून गुरुजी थांबले नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही पुण्याहून निघते. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली आणि घराघरात पोहोचली, पण तो लिहिता हात रोजच्या रोज चालला होता तो छात्रालयाच्या त्या हस्तलिखित पानांवर. तुरुंगातल्या बंद्यांना गोष्ट सांगणारा आवाज आधी अमळनेरच्या मुलांनी ऐकला होता.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्या प्रत्येक मराठी गावात एकाने तरी असे एक पान सुरू करावे. दैनिक नको, आठवड्याचे पुरे. फुलस्केप कागदाची एक बाजू, स्वच्छ अक्षरात, मराठीत. लिहिणारा शिक्षक असो, दुकानदार असो, शेतकरी असो की बारावीची मुलगी असो.

ते पान टिकावे आणि वाढावे यासाठी काय करावे, याचाही विचार केला पाहिजे, कारण उत्साहाने सुरू झालेली हस्तलिखिते दुसऱ्या-तिसऱ्या अंकाला बंद पडतात हा सर्वांचाच अनुभव आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नेम. वार ठरवावा आणि तो चुकवू नये. बाजाराचा दिवस उत्तम. पान लहान राहिले तरी चालेल, पण ठरल्या दिवशी ते दिसलेच पाहिजे. दोनदा येऊन रिकामी जागा पाहून गेलेला वाचक तिसऱ्यांदा येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय. दिल्ली-भोपाळच्या बातम्या दूरदर्शनवर आणि मोबाईलवर सर्वांना कळतात, त्या आपण पुन्हा लिहून उपयोग नाही. आपल्या पानावर ते यावे जे दुसरीकडे कोठेच मिळणार नाही. यंदा मृगबाग किती जणांनी लावली आणि कांदेबागेकडे किती वळले, करपा आला तेव्हा कुणी काय उपाय केला आणि तो लागू पडला का, नवतीला काय भाव मिळाला, तापीचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर चढले होते, गावातली जुनी विहीर कुणी बांधली, कोणत्या पोराची नोकरी लागली, कोण म्हातारी वारली आणि तिला कोणत्या ओव्या येत होत्या. ही माहिती आज फक्त माणसांच्या डोक्यात आहे. माणूस गेला की ती जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे भाषा. “आमची मराठी शुद्ध नाही” म्हणून पुष्कळ लोक लिहायला कचरतात. पुण्याचे लोक हसतील, असे वाटते. त्यांना मी असोद्याची आठवण करून देईन. जळगावजवळच्या या गावी १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांनी आपल्या बोलीत गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ती वेळोवेळी उतरवून घेतली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बोलीची आपल्याला लाज वाटते त्याच बोलीत हे घडले. पण वही नसती तर? रावेर-मुक्ताईनगरपासून शहापूर-इच्छापूरपर्यंत अशा किती बहिणाबाई वहीवाचून गेल्या असतील, याचा विचार केला की मन खिन्न होते.

चौथी गोष्ट म्हणजे वाचकाला त्यात सामील करणे. पहिल्या अंकांवर फक्त लिहिणाऱ्याचे विचार असतील तर पान त्याचे एकट्याचे राहील. एका कोपऱ्यात मुलांसाठी जागा ठेवा. आजीला विचारून एक म्हण किंवा एक जुना शब्द लिहून आणा, असे त्यांना सांगा. ज्याचा शब्द पानावर येईल त्याच्या घरचे सगळे पान पाहायला येतील. आपले नाव शोधायला आलेला माणूस शेजाऱ्याचेही वाचतो. हिंदी शाळेतल्या मुलाला ‘ळ’ शिकविण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे पान लोकांपर्यंत नेणे. वाचनालयाच्या कुलुपाआड ते ठेवू नका. जेथे माणसे आधीच खोळंबून उभी असतात तेथे लावा. पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, बसचा थांबा, देवळाचा पार. चार प्रती झेरॉक्स करून चार ठिकाणी लावायला फार खर्च येत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळी पारावर एखाद्या मुलाने ते मोठ्याने वाचावे. पानाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की सुरतेला किंवा इंदूरला कामाला गेलेली पोरेही वाचतील. गाव सोडून गेलेल्या माणसाइतका आतुर वाचक दुसरा नसतो.

सहावी गोष्ट म्हणजे विश्वास. सांगोवांगीची गोष्ट लिहू नये. कुणाच्या घरची भांडणे, निवडणुकीची उणीदुणी पानावर आणू नयेत. एखादी चूक झाली तर पुढच्या आठवड्यात ती कबूल करून दुरुस्त करावी. गावात सर्वच एकमेकांना ओळखतात. तेथे एकदा गेलेला विश्वास परत मिळत नाही.

कुणी म्हणेल, आता वाचतो कोण? मी म्हणतो, आजच्याइतके लोक पूर्वी कधी वाचत नव्हते. मोबाईलवर दिवसभर अक्षरेच तर पाहतात. त्यांच्यापुढे मराठी येत नाही एवढेच. आणि या बाबतीत आपण बेळगावच्या बांधवांपेक्षा सुदैवी आहोत. कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी वाचण्यासाठी आधी दुसरी लिपी शिकावी लागते. आपल्या मुलांना देवनागरी येतेच. हिंदी शाळेने अर्धे काम करून दिले आहे. उरलेले अर्धे तरी आपण करावे की नाही?

दुसरा कुणी म्हणेल, याने हिंदीशी वैर होईल. तसे मुळीच नाही. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्रा या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते तीनच वर्षे चालले, पण हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही सप्र्यांनीच. आपल्या माणसाने हिंदीची सेवा केली आणि हिंदीने त्याला डोक्यावर घेतले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. एका शहरात अनेक भाषा नांदू शकतात, हे या भूमीला नव्याने शिकवायला नको.

सुरुवातीला पाचच वाचक मिळतील. त्यांतले दोन घरचेच असतील. त्याने खचू नये. वर्षाच्या शेवटी बावन्न पाने एकत्र शिवून एक प्रत शाळेत आणि एक पंचायतीत ठेवावी. दहा वर्षांनी तो गावाचा इतिहास होईल, आणि मराठी शिक्षक मागायला जाल तेव्हा तीच बांधणी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येईल. “आमच्या गावात मराठी वाचतो कोण?” या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी एक फुलस्केप कागद घ्या. वर गावाचे नाव लिहा, त्याखाली तारीख घाला. पहिली ओळ केळीवरच लिहा आणि तो ‘ळ’ ठसठशीत काढा. एवढे झाले तरी सुरुवात झाली.