परका कोण, आपला कोण?

खेड्यात येणारा शिकलेला मनुष्य दोन प्रकारचा असतो. एक, बिऱ्हाड लावण्याआधीच बदलीचा अर्ज लिहितो. दुसरा, आठ दिवसांत पारावर बसून गावच्या बोलीत बोलू लागतो. आम्ही शाळामास्तर, दोन्ही पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारच्या एका वार्ताहराची हकीकत वाचकांनी ऐकावी.

लाफ्काडिओ हर्न १८५० साली एका ग्रीक बेटावर जन्मला. आई ग्रीक, बाप आयरिश. लहानपणीच दोघे अंतरली. शाळेत असता डावा डोळा गेला. अमेरिकेत उपासमार सोसून सिनसिनाटीत वर्तमानपत्रात शिरला. तेथे १८७४ साली त्याने गुलामगिरीत जन्मलेल्या ॲलेथिया फोलीशी लग्न केले. गोऱ्याकाळ्यांचे लग्न तेथे कायद्याने बंद. १८७५ साली नोकरी गेली. सोवळेओवळे आमच्याच देशात आहे असे कोणी समजू नये.

पुढे न्यू ऑर्लिन्स, मार्टिनिक बेट, आणि १८९० साली जपान. मात्सुए गावी तो इंग्रजीचा मास्तर झाला. कोइझुमी सेत्सु या गरिबीत आलेल्या घरच्या मुलीशी संसार थाटला. १८९६ साली बायकोचे आडनाव घेऊन तो जपानी नागरिक, कोइझुमी याकुमो, झाला. ती तोंडी गोष्टी सांगे, हा लिहून काढी. त्यातूनच ‘क्वाइदान’ हे पुस्तक १९०४ साली निघाले. त्याच वर्षी तो वारला.

१८५४ च्या समुद्रलाटेवरून त्याने एक गोष्ट लिहिली. म्हातारा गावप्रमुख येणारी लाट ओळखतो आणि टेकडीवरच्या आपल्या भाताच्या गंजी पेटवून देतो. आग विझवायला गाव वर धावते आणि वाचते. वर्षाचे पीक स्वतःच्या हाताने जाळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पण आम्ही कोणाची आरती करीत नाही. फोलीबाईला हर्नने मागे सोडले. त्याच्या मरणानंतर तिने वारसाहक्क मागितला, तेव्हा कोर्टाने ते लग्नच बेकायदा ठरविले. जगाची दुःखे लिहिणाराच्या हातूनही घरचा एक माणूस असा उघड्यावर पडला, हे झाकून ठेवणे खोटेपणा होईल.

तरी त्याची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांना त्याने अडाणी म्हटले नाही. त्यांच्या चुलीपाशी बसून तो शिकला. आमच्या जात्यावरच्या ओव्या गेल्या, त्या गाणाऱ्या म्हाताऱ्याही चालल्या. साता समुद्रापलीकडून कोणी येऊन लिहील याची वाट का पाहावी? बाबांनो, तुमच्या घरी शाळेत जाणारे पोर आहे. आज रात्री त्याला आजीजवळ बसवा आणि हाती वही द्या.